सीटिंग डेप्थ, पेलेटची डबी आणि पाच शॉटचा ग्रुप

डोंबिवलीच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी पंधरा वर्षांची, दोन वर्षं 10 मीटर एअर रायफल मारते. 60 शॉटला 600 च्या आसपास, म्हणजे शॉटमागे सरासरी 10.0 (गुण दशांशात मोजतात, दहाच्या वरही जातात). यांचे आत्येभाऊ टेक्सासला असतात आणि 6.5 क्रीडमूर रायफलची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतात. त्यांनी फोनवर सांगितलं, गोळी केसमध्ये दहा थाऊ आत बसवली आणि ग्रुप, म्हणजे कागदावरचा शॉटचा पसारा, निम्म्यावर आला. ते ऐकून या गृहस्थांनी तीन रविवार पेलेटच्या, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या, सहा डब्या घेऊन, प्रत्येकी पाच शॉट मारून पाहिले. पहिल्या रविवारी 4.50 (डबीवर लिहिलेला पेलेटच्या हेडचा, म्हणजे डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये) जिंकला, दुसऱ्या रविवारी 4.49, तिसऱ्या रविवारी 4.51. आता विचारतायत: यातला खरा कुठला? पेलेट आत ढकलायचं ते पेन घ्यावं का? आणि पुढे मुलगी काडतुसाच्या .22 रायफलवर गेली की आपणही काडतुसं भरायची का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सगळ्यात छोटं आहे. नाही. आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगायच्या परवान्यात ते बसत नाही. शिवाय .22 हे रिमफायर काडतूस. त्यातला पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत कारखान्यातच फिरवून भरलेला असतो, आणि पिन त्या कडेवर आपटून ती कड चेपली की केस कायमची गेली. सेंटरफायरमध्ये, म्हणजे बुडाच्या मध्यावर पेट घेणाऱ्या काडतुसात, पेट घेणारी टोपी काढून नवी टोपी बसवता येते, तसं इथे काही नाही. तेव्हा हा विषय टेक्सासमध्येच राहू द्या.

पण आत्येभाऊ काय करतात ते समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या तीन रविवारांचा आणि त्यांच्या निम्म्या झालेल्या ग्रुपचा आजार एकच आहे.

काडतुसात गोळी पितळी केसच्या मानेत बसवलेली असते; ती किती खोल बसवली, ती सीटिंग डेप्थ. ट्रिगर ओढला की ती मानेतून सुटते, थोडं अंतर मोकळीच पुढे जाते आणि मग बॅरलच्या आतल्या पिळदार कडांना भिडते. या मोकळ्या अंतराला ते लोक जंप म्हणतात. गोळी जितकी बाहेर, तितकी जंप कमी. जंप बदलली की गोळी त्या कडांत शिरताना किती सरळ राहते आणि सुरुवातीचं प्रेशर कसं चढतं, ते बदलतं. आता गोळी बॅरलमध्ये शिरते ती टोकाने नव्हे. टोकाच्या मागे गोलाई वाढत वाढत जिथे बॅरलच्या व्यासाला येते, ते वर्तुळ कडांना टेकतं. म्हणून काडतुसाची लांबी बुडापासून टोकापर्यंत मोजण्यात अर्थ नसतो. गोळीची टोकं एकाच डब्यातही कमीजास्त असतात. व्हर्नियरला कम्पॅरेटर नावाचं भोकाचं बूच लावून बुडापासून त्या वर्तुळापर्यंत मोजायचं. मी सदतीस वर्षं विक्रोळीच्या एका टूलरूममध्ये काढली. तिथेही नव्या पोराला पहिली शिकवण हीच असायची: काम कुठे टेकतं ते बघ, माप तिथलं घे.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. एवढ्याने फरक पडू शकतो का? पडू शकतो, विशेषतः लांब निमुळत्या नाकाच्या गोळ्यांत. ज्यांच्या नाकाचा बाक अंगाला खांदा करून मिळतो, त्या जंपबाबत नखरेल असतात; ज्यांचा बाक अंगात गुळगुळीत विरून जातो, त्या सोशिक. पण या नखरेल गोळ्यांसाठीही जाणकार लोक दोन-दोन थाऊच्या पायऱ्या चढत बसत नाहीत. आधी मोठी झेप घेतात: दहा थाऊ जंप, मग चाळीस, ऐंशी, एकशेवीस. कुठल्या पट्ट्यात रायफल शांत बसते ते बघतात, आणि त्या पट्ट्याच्या मध्यावर थांबतात. पट्टा रुंद हवा याला कारण आहे. प्रत्येक शॉटच्या जळत्या वायूने बॅरलचं काडतुसाकडचं तोंड झिजतं, कडा पुढे पुढे सरकतात. आज सुईच्या टोकावर जुळवलेलं माप काहीशे शॉटनंतर त्या जागी नसतं.

एक सावधगिरी आत्येभावांना नक्की कळवा. गोळी कडांना टेकवून किंवा त्यांत रुतवून भरली तर प्रेशर वाढतं. फार आत दाबली तर केसमधली जागा कमी होते, त्यानेही वाढतं. म्हणून सीटिंग बदलायचं असेल तर दारूचं वजन मॅन्युअलच्या कमाल आकड्याच्या बरंच खाली ठेवूनच सुरुवात करायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आता मूळ दुखणं. त्यांना विचारा, निम्मा झालेला तो ग्रुप किती शॉटचा होता? माझी पैज, तीन. फार तर पाच.

ग्रुप मोजताना आपण सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर घेतो. पाच शॉट मारले, तरी मोजमाप ठरलं दोनच शॉटवर. मधल्या तिघांना कोणी विचारत नाही. त्यामुळे हा आकडा विलक्षण चंचल असतो. तीच रायफल, तोच दारूगोळा, तोच हात. पाच-पाच शॉटचे ग्रुप मारत राहिलात तर ते सरासरीच्या आजूबाजूला साधारण 24 टक्क्यांच्या प्रमाण विचलनाने हेलकावतात. तीन शॉटच्या ग्रुपचं तेच विचलन 37 टक्के. ही माझी मतं नाहीत. शॉट मध्याभोवती सगळ्या दिशांना सारखेच पसरतात असं धरून गणिताने निघणारे आकडे आहेत. त्याच गणिताने आठ ग्रुप मारले की सगळ्यात लहान ग्रुप सरासरीपेक्षा साधारण एक तृतीयांश लहान निघतो आणि सगळ्यात मोठा तितकाच मोठा. म्हणजे काहीही न बदलता दुप्पट फरक. आत्येभावांनी सीटिंगच्या आठ पायऱ्या करून प्रत्येकी एक ग्रुप मारला असेल, तर त्यातला एक दुसऱ्याच्या साधारण निम्मा निघणारच होता. गोळी हलवली नसती तरी.

हे सांगून कोणाला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. म्हणून काही वर्षांपूर्वी मी शिकवतो त्या हॉलमध्ये एक आगळीक केली. नऊ मुलं होती, सगळी पेलेटच्या आकाराने पछाडलेली. टपरीवरून चहाचे आठ कागदी कप आणले, त्यांवर मार्करने 4.48 पासून पुढे आकडे टाकले, काहींवर दुसऱ्या कंपनीचं नाव टाकलं. आठही कप एकाच डबीतून भरले. रायफलचा दस्ता काढून अ‍ॅक्शन, म्हणजे बॅरल जिथे बसते तो यंत्राचा भाग, बेंच व्हाइसमध्ये बांधली, समोर इलेक्ट्रॉनिक टार्गेट. प्रत्येक कपातले पाच शॉट. मुलांनी फळ्यावर आकडे लिहिले. सगळ्यात लहान ग्रुप केंद्र ते केंद्र 0.8 मिमी, सगळ्यात मोठा 1.7. लहान ग्रुपच्या कपावर 4.50 लिहिलं होतं आणि हॉलमध्ये एकच गलका: सर, सांगितलं होतं ना, या बॅरलला 4.50 च लागतं! एकाने तर कारणही दिलं, बॅरलचा चोक किती, हेडचा व्यास किती, सगळं शिस्तीत. मोठ्या ग्रुपच्या कपाबद्दल दुसरा म्हणाला, ही कंपनी आता पूर्वीसारखी राहिली नाही.

मी डबी टेबलावर ठेवली आणि सांगितलं की आठही कप हिच्यातले. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, तरी पण सर, 4.50 चाच बरा आला ना.

तर तुमच्या तीन रविवारी जिंकलेल्या तीन डब्या. एकही खोटी नाही, एकही खरी नाही. तुम्ही तीनदा चिठ्ठ्या काढल्यात आणि तीनदा वेगळी चिठ्ठी निघाली. उलट तुमचं नशीब म्हणा. सलग तीनदा 4.50 आला असता तर तुम्ही विचारायला आलाच नसता.

मग पेलेटची चाचणी फुकट का? अजिबात नाही. पण तिच्यातून किती मिळणार ते आधी कागदावर मांडू, म्हणजे किती जीव काढायचा ते कळेल. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट साडेचारचा. मध्यापासून शॉटचं केंद्र अडीच मिलिमीटरपर्यंत सरकलं तरी 10.0 मिळतात, आणि प्रत्येक पाव मिलिमीटरला 0.1 गुण जातो किंवा येतो. तुमच्या मुलीची सरासरी 10.0, म्हणजे तिचे शॉट मध्यापासून सरासरी 2.4 मिमीवर पडतात. चांगली मॅच रायफल आणि तिला मानवणारा पेलेट व्हाइसमधून पाच शॉटचा ग्रुप केंद्र ते केंद्र 1 मिमीच्या आसपास देतात. त्याचं सरासरी अंतर होतं 0.4 मिमी. आता 2.4 मधले 0.4 वजा करून 2.0 उरतील असं वाटतं, तसं होत नाही. रायफलची चूक आणि हाताची चूक वर्गांच्या बेरजेने मिसळतात, कारण दोघी एकाच दिशेला जातील असं नसतं. हिशेब केला तर रायफल आणि पेलेट अगदी देवाने दिलेले निर्दोष असते, तरी तिला 60 शॉटमध्ये एक गुणही पुरा वाढून मिळाला नसता. पाऊण-एक गुण, बस.

उलट बाजूने बघा. पेलेट रायफलला बिलकुल मानवत नसेल, ग्रुप 3 मिमीचा पडत असेल, तर त्याच मुलीचे सहा-साडेसहा गुण जातात. 600 ऐवजी 593-594. राज्य स्पर्धेच्या यादीत सहा गुणांत किती नावं बसतात ते तुम्ही पाहिलं असेलच.

म्हणून चाचणीचं काम काय, तर वाईट डबी हुडकून बाहेर काढणं. चांगल्या दोन डब्यांतली थोडी जास्त चांगली कुठली, यावर पंधरा वर्षांच्या मुलीचे रविवार घालवू नयेत. ती 10.4-10.5 वर पोहोचली, फायनलच्या उंबऱ्यावर आली, की एकेक दशांशाला भाव येतो. तेव्हा बघू.

करायचं कसं ते सांगतो. सहा नव्हे, तीन डब्या घ्या. डबीच्या झाकणावर किंवा तळाला हेडचा आकडा असतो, त्याशिवाय लॉटचा शिक्का असतो. दोन्हींचा फोटो काढून ठेवा. 4.50 हे झालं डबीवरचं नाव. त्याच कंपनीचा, त्याच आकड्याचा पुढच्या वर्षीचा लॉट तुमच्या बॅरलच्या दृष्टीने परका असू शकतो. चाचणी आकड्याची होत नाही, लॉटची होते.

रायफल हातात धरून चाचणी करू नका. मुलीच्या हाताची 2.4 मिमीची लाट त्यात मिसळली की पेलेटचा 0.4 चा आवाज ऐकूच येणार नाही. एखाद्या प्रशिक्षकाकडे किंवा गनस्मिथकडे अ‍ॅक्शन बांधायची फिक्श्चर असते, तासाच्या बोलीवर मिळते. बॅरलला व्हाइसचा जबडा लावू देऊ नका, पकड अ‍ॅक्शनवरच. एक-दोन शॉट मारून स्क्रू पुन्हा तपासायचे, नाहीतर ढिली फिक्श्चर पेलेटच्या नावावर बिल फाडते. फिक्श्चर नाहीच मिळाली तर टेबल, पुढे-मागे वाळूची उशी, आणि मारणारा अनुभवी. शॉट मग जास्त लागतात.

पेलेट बदलला की पहिले आठ-दहा शॉट मोजायचे नाहीत. बॅरलमध्ये आधीच्या पेलेटचं शिसं असतं, ते नव्याने पुसून निघायला तेवढे जातात. त्यानंतर डब्या एकामागून एक संपवायच्या नाहीत. पहिल्या डबीचे दहा, दुसरीचे दहा, तिसरीचे दहा, मग उलट क्रमाने तिसरी, दुसरी, पहिली. दर वेळी आधी साफ करणारे शॉट. यात पेलेट खर्च होतात, कटकट होते, पण सकाळी गार असलेला हॉल दुपारी तापतो, रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं प्रेशर उतरत जातं, फिक्श्चर बसत जाते. या सगळ्याचा भार एकाच डबीवर पडू नये म्हणून हा फेरा. सिलिंडर प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला सारख्याच बारवर भरून घ्या.

आणि डबी कुठली ते मारणाऱ्याला कळू देऊ नका. दुसऱ्याने कपात काढून द्यायची. आमच्या आठ कपांनंतर मी स्वतःलाही यातून सूट देत नाही.

प्रत्येक डबीचे असे वीस शॉट झाले की लांबच्या दोन छिद्रांचं अंतर विसरा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक शॉटचे आडवे-उभे आकडे देतं. त्या वीस शॉटचा मध्यबिंदू काढा, प्रत्येक शॉट त्या मध्यापासून किती लांब ते काढा, त्याची सरासरी घ्या. एक्सेलमध्ये मुलगीच दहा मिनिटांत करून देईल. यात वीसही शॉट बोलतात, दोन नव्हे. तरीही वीस शॉटच्या सरासरीत साधारण 12 टक्क्यांची डळमळ उरतेच. पन्नास शॉटला ती 7 टक्क्यांवर येते. म्हणजे एक डबी 0.40 आणि दुसरी 0.44 आली तर त्या सारख्या समजायच्या. एक 0.40 आणि दुसरी 0.80 आली तर दुसरी तिथल्या तिथे बाद, पन्नास शॉटची गरजच नाही. उरलेल्या दोन फार जवळ असतील तर जी स्वस्त आणि जिचा जास्त माल दुकानात आहे ती घ्या. मी हे गमतीने म्हणत नाही. एकाच लॉटच्या दहा डब्या एकदम मिळणं हे 0.04 मिमीपेक्षा मोलाचं आहे.

एक शॉट वेडावाकडा गेला तर तो खोडायचा मोह होतो. 'फ्लायर' म्हटलं की आपण सुटलो. व्हाइसमध्ये बांधलेल्या रायफलला दचकायला मन नसतं. शॉट लांब गेला तर तो त्या डबीचाच, लिहून ठेवा. पेलेटची मागची झालर चेपलेली दिसली होती म्हणून बाजूला ठेवला, तर ते मारायच्या आधी. मारल्यावर नाही.

आता ते पेन. तुमच्या मुलीकडे मॅच रायफल असेल तर लोडिंगचा खटका बंद करताना आतला दांडा प्रत्येक पेलेट सारख्याच खोलीवर ढकलतो. कारखान्याने ते माप ठरवून दिलेलंच आहे. त्याच्या आधी तुम्ही पेनाने पेलेट आत दाबलात तर ठरलेल्या गोष्टीत स्वतःच्या अंगठ्याचा अनिश्चितपणा घातलात. नको. बॅरल खाली वाकवून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीत गोष्ट वेगळी. तिथे पेलेट बोटाने बसवतात, कधी कडेशी सपाट, कधी जरा आत, कधी तिरका. त्यात पेनाने एकसारखी खोली येते. आत्येभावांच्या सीटिंग डेप्थचा सगळ्यात जवळचा चुलतभाऊ आपल्याकडे हाच. पण त्यातही मेख एकसारखेपणात आहे. अर्धा मिलिमीटर की एक, यावर लोक उगाच वाद घालतात.

मायक्रोमीटरने पेलेटचं हेड मोजायच्या फंदातही पडू नका. शिसं मऊ असतं. मायक्रोमीटरच्या रॅचेटची एक टिकटिक झाली की एक शतांश मिलिमीटर तुम्हीच दाबलेला असतो, आणि 4.49 व 4.50 मध्ये फरक तेवढाच. टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस हे सांगतोय. वजनाचंही तसंच. रायफलचा पेलेट 0.53 ग्रॅमचा. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅममध्ये दाखवतो, खिशात मावणाऱ्या साध्या काट्याचा शेवटचा आकडा 0.01 ग्रॅमचा. त्याने वेचून काही हाती लागत नाही. आणि शिशाचे पेलेट स्वयंपाकघरात नेऊच नका. सरावानंतर हात साबणाने धुवायचे, मगच डबा उघडायचा. काही मुलं पुढचा पेलेट ओठांत धरतात, त्यांना मी हॉलबाहेर उभं करतो.

पेलेट खराब होतात ते बहुतेक वेळा कारखान्यात नाही, आपल्याकडे आल्यावर. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल, सॅकच्या तळाशी अर्धी रिकामी डबी, वर पाण्याची बाटली आणि आजूबाजूला सगळी सेंट्रल लाइन. दादरला उतरेपर्यंत पाचशेतले किती पेलेट झालर चेपून घेतात ते एकदा पांढऱ्या कागदावर ओतून बघा. डबीत वर फोमची चकती असते, ती फेकायची नाही. डबी रिकामी होत जाईल तशी दुसरी चकती घालून पेलेट दाबून ठेवायचे, खुळखुळता कामा नये. पावसाळ्यात अजून एक: जून ते सप्टेंबर आपल्या हवेत शिशावर पांढरट पूड चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. एकदा पूड चढलेली डबी सरावाला चालेल, चाचणीला आणि सामन्याला नको. तुमच्या सहा डब्यांपैकी एखादी गेल्या पावसाळ्यातली असेल, तर तिने वेगळ्याच कारणाने मार खाल्ला असण्याची शक्यता आहे.

पुढे .22 वर गेल्यावर काय, तर तिथेही लॉटचीच चाचणी. 50 मीटरला दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं, आणि दशांशाची पायरी 0.8 मिमीची. स्वप्नील कुसाळे याने 2024 मध्ये पॅरिसला 451.4 वर कांस्य जिंकलं, ते याच 50 मीटरवर, थ्री पोझिशनमध्ये. या अंतरावर एका लॉटचा आणि दुसऱ्या लॉटचा फरक एअर रायफलच्या पेलेटपेक्षा फार ठळक दिसतो. म्हणूनच एली आणि लापुआसारख्या कंपन्यांनी स्वतःच्या चाचणी रेंज ठेवल्यात. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती व्हाइसमध्ये बांधतात, लॉटमागून लॉट मारतात आणि जमलेला लॉट तो विकत घेतो. त्यांनाही सीटिंग डेप्थ बदलता येत नाही. जे भरून आलंय त्यातून निवडायचं, एवढंच.

इथे मी स्वतः आपटलेलो आहे. तरुणपणी .22 प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारत होतो. एका ओळखीच्या माणसाकडे तीन लॉट आले होते, प्रत्येकाचे पाच-पाच शॉट मारले. दुसऱ्या लॉटचे पाचही शॉट एका छिद्रात, कागदावर फक्त एक कुरतडलेलं भोक. सोसायटीतून कर्ज काढलं आणि त्या लॉटच्या दोन हजार गोळ्या घेतल्या. ते कार्ड पाकिटात घालून मिरवत होतो, चर्चगेटला उतरल्यावर मित्रांना दाखवायचो. दोन महिने स्कोअर पडत राहिला. मी पोझिशन बदलली, जॅकेट बदललं, चष्म्याचा नंबर काढून आणला. कार्डावर संशय घ्यायचं सुचलं नाही. शेवटी एका ज्येष्ठ नेमबाजाने रेस्टवरून माझ्याच रायफलने त्या लॉटचे चाळीस शॉट मारले. साधा, मध्यम लॉट होता. बाद केलेल्या पहिल्या लॉटचे थोडे राऊंड त्या ओळखीच्या माणसाकडे शिल्लक होते, तेही मारून बघितले. तो बरा होता. तोवर त्याचा माल संपला होता. कर्जाचे हप्ते पुढे वर्षभर गेले.

तर येत्या रविवारी असं करा. तीन डब्या, व्हाइस, वीस-वीस शॉट, मध्ये डबी बदलताना साफ करणारे शॉट. तीनशेच्या आत पेलेट लागतील आणि चार तास. तुमच्या सहापैकी कुठल्या तीन, याची चिठ्ठी टाकलीत तरी चालेल. तुमच्या आतापर्यंतच्या आकड्यांवरून निवड करण्यासारखं काही नाही. मुलीला सोबत न्या, एक्सेल तिला करू द्या. फक्त स्पर्धा महिन्याभरावर आली असेल तर हे सगळं पुढे ढकला आणि ती आत्ता मारते तीच डबी चालू ठेवा. आपली डबी तीनमध्ये दुसरी आली हे कळलेली पंधरा वर्षांची मुलगी फायरिंग लाइनवर काय विचार करत उभी राहते, ते व्हाइसमध्ये मोजता येत नाही.